जखम मांडीला, मोबाइल शेंडीला

आयसीयूतला मॉनिटर आपण कायम समोरून बघतो. हिरवी रेघ, निळा आकडा, टुक टुक आवाज. ९४चे ९२ झाले की आपल्याच पोटात गोळा येतो. कधी तिथे जायची वेळ आलीच (न येवो), तर एकदा त्या डब्याच्या मागच्या बाजूला डोकवा. पॉवरची वायर दिसेल, आणि तिच्याजवळ बहुतेक वेळा एक चौकोनी भोक दिसेल. तुमच्या घरच्या वायफाय राउटरला असतं तसंच, नेटवर्क केबलचं. त्यात धूळ असेल. काही ठिकाणी कारखान्यातून आलेलं प्लास्टिकचं टोपणही अजून तसंच असतं.

त्या भोकात केबल घातली, पलीकडे ऐकणारं सॉफ्टवेअर असलं आणि मॉनिटरच्या कंपनीने परवानगी दिली, तर पेशंटची नाडी, ऑक्सिजन, रक्तदाब सगळं आपोआप त्याच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीत जाऊन बसतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत. माझं भांडण तिसरीशी आहे.

मी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. एका कॉम्प्युटरमधला आकडा दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये न्यायचा, एवढंच काम. पण मोठ्या शहरांतली चकचकीत हॉस्पिटलं सोडून जरा बाहेर पडलात, तर हा आकडा प्रवास कसा करतो बघा. सिस्टर तासातासाने बेडपाशी येते, स्क्रीन बघते, बॉलपेनने चार्टवर लिहिते. ड्यूटी बदलायच्या सुमाराला कुणीतरी तो चार्ट कॉम्प्युटरमध्ये टाइप करतं. टाइप करायला कुणी नसेल तर चार्ट फाइलला टाचला जातो आणि 'इलेक्ट्रॉनिक' नोंदीत त्या रकान्यात काहीच नसतं. मधल्या काळात पेशंट बिघडला तर मॉनिटरचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर. 'सर, बेड ४.' सर घरी जेवत असतात, डाव्या हाताने झूम करून बघतात आणि उत्तर देतात. पेशंटचा जीव वाचतो, बऱ्याचदा खरंच वाचतो. नोंद मात्र त्या ग्रुपवर राहते, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झालाय, हे त्या ग्रुपला कुणी सांगितलेलं नसतं.

आता या गोष्टीत नवा नायक आलाय. मॉनिटरसमोर स्टँडला फोन लावायचा. कॅमेरा दर काही सेकंदांनी स्क्रीनचा फोटो काढणार, ॲप त्यातले आकडे ओळखणार आणि रुग्णाच्या नोंदीत पाठवणार. स्वस्त, सुटसुटीत, देशी. कॉलेजच्या हॅकेथॉनमध्ये या कल्पनेला हमखास टाळ्या पडतात. स्लाइडवर 'ग्रामीण भारत' असं लिहिलेलं असतं आणि परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी.

मलाही ही कल्पना मूर्ख वाटत नाही. त्या पोरांनी लिहिलेला कोड मी बघितलाय, चांगला असतो. माझा आक्षेप असा की इतकी हुशारी आपण चुकीच्या दारावर खर्च करतोय, आणि त्यामुळे बरोबर दार कायमचं बंद राहायची सोय होतेय.

बोटाला लावतात त्या चिमट्याचंच उदाहरण घ्या. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४मध्ये त्यामागची युक्ती मांडली. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडायचा, एक लाल आणि एक डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी हे शोषण किती बदलतं, त्यावरून ऑक्सिजनचं गणित सुटतं. म्हणजे प्रकाशाचा आकडा झाला. तो आकडा मॉनिटरच्या मेमरीत येऊन बसला, वेळेसकट. मग मॉनिटरने तो स्क्रीनवर दाखवला, म्हणजे आकड्याचा पुन्हा प्रकाश झाला. समोरच्या फोनने तो प्रकाश टिपला आणि त्याचा परत आकडा केला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला चिठ्ठी द्यायचीय. आपण ती भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहितो आणि त्याने खिडकीतून दुर्बीण लावून वाचावी अशी व्यवस्था करतो. कारण मधल्या दाराची किल्ली तिसऱ्याच माणसाच्या खिशात आहे.

बरं, दुर्बिणीतून नीट वाचता आलं तरी भागत नाही. इंग्रजी अंकांतले १ आणि ७ स्क्रीनवर ट्यूबलाइटचा चमकारा पडला की एकमेकांसारखे दिसतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२मध्ये आणलेली, २०१७मध्ये सुधारलेली 'न्यूज' नावाची एक गुणपद्धत आहे. वॉर्डातला पेशंट बिघडतोय का हे वेळेत कळावं यासाठी ती वापरतात. तिच्या नेहमीच्या कोष्टकात ऑक्सिजन ९१ असेल तर तीन गुण मिळतात, म्हणजे धोक्याची घंटा. ९७ असेल तर शून्य. कॅमेऱ्याने ९१ला ९७ वाचलं तर घंटा वाजतच नाही.

पण तुम्ही म्हणाल, मॉडेल सुधारेल. सुधारेलच. त्याहून वाईट गोष्ट सांगतो, जी मॉडेल कितीही सुधारलं तरी सुटत नाही. दंडाला पट्टा बांधून घेतलेला रक्तदाब मॉनिटर सतत मोजत नाही. दर पंधरा मिनिटांनी, अर्ध्या तासाने, जसं लावून ठेवलं असेल तसा पट्टा फुगतो आणि आकडा येतो. पुढचा पट्टा फुगेपर्यंत स्क्रीनवर जुनाच आकडा बसून राहतो, कोपऱ्यात बारीक अक्षरांत मोजल्याची वेळ. सिस्टरला हे माहीत असतं. कॅमेऱ्यासमोर मात्र दर मिनिटाला एक स्वच्छ, सुवाच्य १२०/८० असतं आणि तो प्रामाणिकपणे ते दर मिनिटाला नोंदवतो. नोंदीत पंधरा मोजमापं दिसतात, मोजलेलं असतं एकच. मधल्या चौदा मिनिटांत पेशंटचं प्रेशर कोसळलं असेल तर पुढे फाइल उघडणाऱ्या डॉक्टरला आलेखावर सरळ रेघ दिसणार. ही चूक आकडे ओळखण्यातली नाही. आकडा अगदी बरोबर वाचलाय. फक्त तो कधीचा आहे, हे हरवलंय.

मॉनिटर जेव्हा केबलवरून नीट बोलतो तेव्हा नुसता १२० पाठवत नाही. हे वरचं प्रेशर आहे, एकक अमुक, अमुक वाजता मोजलं, अमुक यंत्राने मोजलं, पट्टा नीट बसला होता की नाही, असं सगळं पाठवतो. प्रत्येक मोजमापाला जगभर चालणारे संकेतांक ठरलेले आहेत. लॉइंक नावाच्या यादीत हृदयाच्या ठोक्यांचा क्रमांक ८८६७-४ आहे. तो नागपुरातही तोच आणि नैरोबीतही तोच. इतकं सगळं तयार असताना आपण त्या यंत्राचा चेहरा बघून मनातलं ओळखायला बसलोय.

मग केबल का नाही लावत? गेल्या वर्षीचा अनुभव सांगतो. तालुक्याच्या गावातलं एक ट्रस्टचं हॉस्पिटल, आयसीयूचे मोजके बेड. मी मॉनिटरच्या कंपनीला मेल लिहिला: तुमचं यंत्र नेटवर्कवर कुठल्या भाषेत बोलतं, त्याची माहितीपुस्तिका द्या. तीन आठवडे शांतता. मग विक्रीवाल्याचा फोन. 'सर, तुम्हाला आमचा गेटवे घ्यावा लागेल.' गेटवे म्हणजे एक सर्व्हर, त्याचं लायसन्स, दर बेडमागे वेगळे पैसे, वर दरवर्षीची एएमसी. पुस्तिका? 'ती कॉन्फिडेन्शियल आहे सर.' तिथल्या डॉक्टर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच पेशंटचा, माझ्याच मशीनमधला आकडा मी परत विकत घ्यायचा?" त्यावर एक विश्वस्त म्हणाले, "अहो, मग ते मोबाइलचं काहीतरी बघा ना."

कॅमेरा आयसीयूत असा शिरतो. किल्लीचे पैसे परवडत नाहीत, म्हणून खिडकीतून. आणि तो शिरला की पहिला सुटकेचा निःश्वास कोण टाकतं? कुलूप लावणारी कंपनी. तक्रार करणाराच उरत नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते हेच, फरक इतकाच की इथे मलमाला स्टार्टअप म्हणतात.

हे असंच असतं, मशिनं अशीच येतात, असं कुणी म्हणालं तर त्याला हॉस्पिटलच्या एक्सरे विभागात घेऊन जा. सिटी स्कॅन एका कंपनीचं, एमआरआय दुसऱ्या, फिल्म बघायचं सॉफ्टवेअर तिसऱ्या कंपनीचं, आणि तरी सगळं एकमेकांशी बोलतं. मूठभर रुपयांच्या सीडीवर तुमचा स्कॅन मिळतो आणि तो दुसऱ्या गावातला डॉक्टर उघडू शकतो. हे आपोआप झालेलं नाही. १९८३ साली अमेरिकेतल्या रेडिऑलॉजिस्टांची संस्था आणि यंत्रं बनवणाऱ्यांची संघटना एका टेबलाशी बसल्या. १९८५मध्ये पहिलं मानक आलं, १९९३मध्ये त्याचं 'डायकॉम' झालं. आज डायकॉम न बोलणारं स्कॅनर विकायला काढलं तर कुणी चहाही पाजणार नाही. गंमत म्हणजे बेडशेजारच्या यंत्रांसाठीही असं मानक करायचं काम त्याच दशकात सुरू झालं होतं. आज ते आयईईई ११०७३ या नावाने जाडजूड स्वरूपात उपलब्ध आहे. रेडिऑलॉजिस्टांनी ग्राहक म्हणून हट्ट धरला. मॉनिटर विकत घेणाऱ्यांनी धरला नाही. तंत्रज्ञानात यापलीकडे काही फार मोठा फरक नव्हता.

आणि कागदावर आपणही मागे नाही, हे वाचून तुम्हाला बरं वाटेल किंवा राग येईल. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं २०१३मध्ये जाहीर केली, २०१६मध्ये सुधारली. या मानकांसाठीचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. २७ सप्टेंबर २०२१ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि तुमच्या-माझ्या हातात चौदा आकडी 'आभा' क्रमांक आला. नोंदींची देवाणघेवाण कुठल्या स्वरूपात करायची हेही ठरलंय. म्हणजे नोंदीचं घर बांधून झालंय, पत्ताही मिळालाय. मॉनिटरपासून त्या घरापर्यंतचं शेवटचं चार फुटांचं अंतर बॉलपेनच्या भरवशावर सोडलंय.

फोनने पूल बांधायची एक गोष्ट मला मनापासून आवडते, ती इथे सांगायलाच हवी, नाहीतर मी फोनचाच शत्रू ठरेन. २०१३ साली अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाच्या बापाला, स्वतः प्रोग्रॅमर, आपल्या लहान मुलाची साखर ऑफिसातून बघायची होती. मुलाच्या अंगावर डेक्सकॉम कंपनीचा सेन्सर होता, आकडा त्याच्या रिसीव्हरवर दिसायचा आणि तिथेच राहायचा. कॉस्टिकने रिसीव्हर काय बोलतो ते शोधून काढलं, त्याला केबलने अँड्रॉइड फोन जोडला आणि आकडे इंटरनेटवर चढवले. त्यातून पुढे 'नाइटस्काउट' नावाचा मुक्त प्रकल्प उभा राहिला. हजारो आईबापांनी तो वापरला. त्यांची घोषणा होती, आम्ही वाट बघत बसणार नाही. २०१५मध्ये कंपनीने स्वतःच थेट फोनशी बोलणारा सेन्सर बाजारात आणला.

यातल्या दोन गोष्टी लक्षात घ्या. त्या माणसाने स्क्रीनचा फोटो काढला नाही, केबल लावली; आकडा जिथे जन्मतो तिथून उचलला. आणि त्याने हे चोरून, गप्प बसून केलं नाही. जगाला ओरडून सांगितलं की ही कंपनी मला माझ्या पोराचा आकडा देत नाहीये. तो जुगाड म्हणजे एक तक्रार होती, चालू कोडमध्ये लिहिलेली. आपल्या जुगाडात तक्रार नसते. आपण 'चालवून घेतो' आणि त्याचा अभिमान बाळगतो.

तिकडेही सगळं आलबेल आहे असं नाही. अमेरिकेने २०१६च्या कायद्यात आरोग्याची माहिती अडवून ठेवण्याला बंदी केली, पण तिच्या कचाट्यात सॉफ्टवेअरवाले आणि हॉस्पिटलं आली. नुसतं यंत्र बनवणारा थेट आला नाही. म्हणून 'आधी प्रगत देशांत होऊ दे, मग बघू' या वाक्यावर माझा विश्वास नाही.

मग फोनला आयसीयूत काहीच काम नाही का? आहे, आणि ते फोनशिवाय दुसऱ्या कुणाला इतक्या स्वस्तात जमणार नाही. मॉनिटरला बेड माहीत असतो, माणूस माहीत नसतो. दुपारी बेड ४वरचे आजोबा वॉर्डात गेले, तासाभरात तिथे दुसरं कुणी आलं. केबल बिचारी प्रामाणिकपणे बेड ४चे आकडे पाठवत राहते आणि नव्या पेशंटची नाडी आजोबांच्या खात्यात जमा होते. हा प्रश्न महागड्या हॉस्पिटलांतही छळतो. सिस्टरच्या हातातल्या फोनने पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीचा बारकोड आणि मॉनिटरवरचा बारकोड असे दोन स्कॅन केले की झालं: हा माणूस, हे यंत्र, आत्तापासून. पेशंट हलवताना पुन्हा दोन स्कॅन. फोनने माणूस ओळखावा, आकडा केबलने आणावा.

आता आक्षेप. पहिला, सुरक्षेचा: 'भोक उघडं ठेवलं तर हॅकर येतील.' हा मला कंपनीच्या माणसाने गंभीर चेहऱ्याने ऐकवलाय. आकडा बाहेर येणं आणि बाहेरच्याने आत हुकूम सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली देऊन दुसरी बंद ठेवता येते. शिवाय त्याच भोकातून त्यांचा स्वतःचा महागडा गेटवे चालतो, तेव्हा हॅकर सुट्टीवर असतात काय?

दुसरा आक्षेप खरा आहे. अनेक छोट्या नर्सिंग होममधले मॉनिटर इतके जुने आहेत की त्यांना मागे काही भोकच नाही, आणि नवे घ्यायला पैसे नाहीत. तिथे कॅमेरा लावा. मी स्वतः लावून देईन. पण नोंदीत त्या आकड्यावर स्पष्ट शिक्का हवा की हा कॅमेऱ्याने वाचलाय, माणसाने तपासलाय की नाही, आणि रक्तदाब असेल तर कधीचा आहे ते माहीत नाही. कुबडी म्हणून कुबडी द्या, पाय म्हणून विकू नका.

तिसरा आक्षेप एका सिस्टरांनीच घेतला आणि तो मला सगळ्यात जास्त पटला. त्या म्हणाल्या, "लिहायच्या निमित्ताने आम्ही तासाला एकदा पेशंटपाशी जातो. आपोआप झालं की म्हणतील, आता दोन बेडला कशाला, चार बेडला एक सिस्टर पुरे." ही भीती काल्पनिक नाही. श्वासाच्या रकान्यात ओळीने १८, २०, १८, २० लिहिलेले चार्ट जगभर सापडतात, कारण पूर्ण मिनिट छातीकडे बघत श्वास मोजायला वेळच नसतो. केबलने वाचलेला वेळ सिस्टरला पेशंटकडे बघायला मिळाला पाहिजे. तो पगारपत्रकात वाचवलेला पैसा म्हणून दाखवणारा मॅनेजर मला भेटलाय, आणि त्याच्यासाठी कोड लिहायची माझी इच्छा नाही.

आपल्या देशात हे जमणार नाही असं म्हणणाऱ्यांसाठी: कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर '१० बेड आयसीयू' हा प्रकल्प अनेक राज्यांतल्या छोट्या सरकारी रुग्णालयांत उभा राहिला. त्यात 'केअर' नावाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरलंय, आणि त्या कोडमध्ये मॉनिटरचे आकडे नेटवर्कवरून घ्यायची सोय आहे. कोड कुणालाही वाचता येतो. वाचा, त्यात जादू नाही. पण त्याच काळात देणग्यांतून, सीएसआरमधून, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून जे मॉनिटर गावोगावी पोचले, त्यांच्यापैकी कितींच्या खरेदीपत्रात डेटाबद्दल एक ओळ होती? मी बघितलेल्या एकाही पत्रात नव्हती. स्क्रीनची साइझ होती, बॅटरी किती तास चालेल ते होतं, वॉरंटी होती, ट्रॉलीचा रंगही होता.

म्हणून ओळ इथे लिहून देतो. तुमच्यापैकी कुणी निवासी डॉक्टर असेल, कुणी बायोमेडिकल इंजिनिअर, कुणाचे काका ट्रस्टी असतील, कुणी ऑफिसात सीएसआरचे चेक काढत असेल. निविदेत टाका: 'यंत्राने मोजलेला प्रत्येक आकडा, मोजल्याच्या वेळेसह आणि एककासह, यंत्राच्या नेटवर्क पोर्टमधून खुल्या मानकात बाहेर मिळेल. त्याची संपूर्ण माहितीपुस्तिका यंत्रासोबत दिली जाईल. यासाठी वेगळं लायसन्स, वेगळा सर्व्हर किंवा दर बेडमागे शुल्क लागणार नाही.' विक्रेता म्हणेल, किंमत वाढेल. वाढली तर ती आज, निविदेत, चार स्पर्धकांसमोर वाढू दे. खरेदीनंतर तो एकटाच उरतो, तेव्हा वाढते ती वेगळी. आणि बिलाचा शेवटचा हप्ता मॉनिटर भिंतीला टांगल्यावर देऊ नका. हॉस्पिटलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये एका खऱ्या पेशंटचे चोवीस तासांचे आकडे सलग दिसले, की त्या दिवशी चेकवर सही करा.